आसरूला आणायला

खर्ड्याला का गेलो ते आधी सांगायला हवं. ते कारण मला शोभणारं नाही, पण ते टाळून नुसतं माळरानाचं आणि किल्ल्याचं वर्णन लिहिलं तर ते खोटं होईल.

मी संगमनेरच्या एका हायस्कुलात खेळ शिकवतो. शाळेच्या फाटकाजवळ एक फळा आहे आणि त्यावर रोज सकाळी सुविचार लिहिला जातो. सुविचाराखाली बरीच जागा रिकामी राहायची. काही वर्षांपूर्वी मी ती वापरायला लागलो. सामना झाला की दुसऱ्या दिवशी तिथे एकेका खेळाडूचं नाव आणि पुढे त्याची चूक. चार लोकांनी चूक वाचली की मुलगा ती पुन्हा करत नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. माझं अक्षर चांगलं आहे. बाजाराला आलेले पालकसुद्धा सायकल टेकवून वाचत उभे राहायचे, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

गेल्या डिसेंबरात, म्हणजे १९७१ संपता संपता, नगरला कबड्डीचा अंतिम सामना झाला. एका गुणाचा फरक होता आणि शेवटची चढाई आमची होती. चढाईला गेला आश्रुबा. पटावर आश्रुबा, पण सगळे त्याला आसरू म्हणतात. दहावीतला, बोर्डिंगात राहणारा, जामखेड तालुक्यातला मुलगा. एका दमात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत समोरच्यांना शिवून परत यायचं, आणि मधल्या रेषेपर्यंत दम तुटू द्यायचा नाही, एवढंच ते काम. त्याने दोघांना शिवलं. रेषा हातभर राहिली आणि पंचाने हात वर केला. दम सुटला. आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवशी मी लिहिलं : ‘आश्रुबा – दम सुटला. सामना घालवला.’ पुढचे तीन दिवस वरचा सुविचार बदलत राहिला. खालची ओळ मी तशीच ठेवली.

त्यानंतर तो वर्गात वाचायला उभा राहिला की मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच ‘कबड्डी, कबड्डी’ सुरू करायचं. हे मला पुढे समजलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की बोर्डिंगच्या हजेरीला तो तोंडातून शब्द काढत नाही, आणि त्याबद्दल मी त्याला रागावलो. दहाव्या दिवशी सकाळी त्याची वळकटी जागेवर होती, ट्रंक होती, तो नव्हता. गावाला पळाला असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं.

तीन आठवड्यांनी हेडमास्तरांनी मला बोलावलं. महिनाअखेरपर्यंत आला नाही तर नाव पटावरून कमी करावं लागेल, आणि बोर्डिंगची जागा दुसऱ्या मुलाला जाईल, असं ते म्हणाले. मी चार दिवसांची रजा मागितली. हेडमास्तरांना माझी कळकळ वाटली असेल. ती होतीही. पण फेब्रुवारीत निवड चाचणी होती आणि त्याच्यासारखा चढाईचा गडी माझ्याकडे दुसरा नव्हता, हेही मनात होतंच.

सोनई

पहिला मुक्काम सोनईला केला. तिथे भाऊसाहेब राहतो. दहा-अकरा वर्षांपूर्वी तो माझ्या संघाचा कप्तान होता, आता त्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. पोट सुटलंय, पण हात अजून पकडीचे आहेत. त्याने मला गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, हे आमचे सर, यांच्या शिट्टीला आम्ही मुतायचं थांबायचो, अशी ओळख करून दिली. गिऱ्हाइकं हसायची, मीही हसायचो.

जेवायला हुलग्याचे शेंगोळे होते. वहिनींनी ते माझ्यासाठी मुद्दाम केले होते. आमच्या घरी शेंगोळे पातळ असतात, इथे आटवून घट्ट करतात आणि वरून कच्चं तेल घालतात. जेवताना मी भाऊसाहेबाला आसरूचं सांगितलं. सल्ला मिळेल अशी अपेक्षा होती. कप्तान म्हणून तो मुलांना फार चांगला सांभाळायचा.

तो म्हणाला, “येईल हो सर. आमचीबी नावं लागायची की फळ्यावर. आम्ही काय मेलो?”

“तेच म्हणतोय मी. तुम्हाला काही झालं नाही.”

“न्हाई ना. ‘भाऊसाहेब – डाव्या कोपऱ्यात झोप काढली. कप्तानाला हे शोभत नाही.’ शुक्रवार होता. आमचा म्हातारा बाप बैल घेऊन बाजाराला आला होता. त्याला वाचता येत न्हाई, तर त्यानं फाटकातल्या शिपायाकडून वाचून घेतलं.”

हे तो हसत सांगत होता. वहिनी वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या की हे शब्द आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहेत, धाकट्यालासुद्धा. भाऊसाहेब दुपारी जरा पडला की पोरगं म्हणतं, डाव्या कोपऱ्यात झोप काढली. सगळे पुन्हा हसले. मी लिहिलेली ती ओळ मला आठवतसुद्धा नव्हती. त्याला वार आठवत होता.

नगर, जामखेड, खर्डा

नगरला गाडी बदलली आणि पूर्वेला निघालो. मी याच जिल्ह्यात जन्मलो आणि शेहेचाळीस वर्षांत नगरच्या पलीकडे एकदाही गेलो नव्हतो. आमच्याकडे प्रवरा आहे, कालवा आहे, जानेवारीत जिकडेतिकडे उभा ऊस असतो आणि वाऱ्याला गुळाचा वास. इथे पाऊस ओळीने दुसऱ्या वर्षी हुकलेला. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळून गेलेली. एरवी या दिवसांत लोक रस्त्याकडेला आगटी पेटवून हुरडा खायला बोलावतात म्हणे. मला शेतात माणूसच दिसलं नाही. जमीन तांबूस, मग काळी, मग नुसते दगड, आणि सगळ्याला डोंगराची एक निळसर कड.

जामखेडच्या स्टँडवर मी चहा घेतला. चहावाल्याने गुळाचाच दिला, साखरेचं विचारलं तर म्हणाला, साखर तुमच्याकडं बनती, आमच्याकडून फकस्त मानसं जात्यात. तेव्हा मला त्याचा अर्थ नीट लागला नाही.

खर्ड्याचा किल्ला सपाट जमिनीवर उभा आहे. डोंगर चढावा लागत नाही. शाळेत ज्या लढाईपायी हे नाव पाठ केलं होतं तिची काही खूण असेल म्हणून मी आत जाऊन आलो. बुरूज भक्कम आहेत, आत गवत आहे आणि दोन म्हशी होत्या. आसरूची वस्ती तिथून तीन-चार मैल, पायवाटेने. मी पांढरी पँट, पांढरा सदरा, गळ्यात शिट्टी आणि हातात चामड्याची बॅग अशा थाटात निघालो. वस्तीच्या पहिल्या घराशी पोचलो तर एका मुलाने मला पाहिलं, जोरात काहीतरी ओरडला आणि बघता बघता सगळी पोरं नाहीशी झाली. एक बाभळीवर चढला. कुत्रं तेवढं राहिलं, तेही शेपूट घालून.

एक म्हातारा बाजेवरून म्हणाला, “यंदा टोचून झालंय सायब. देवीची लस झाली. समद्यांची दंडं बगा पायजे तर.”

मी लस टोचणारा नाही, मास्तर आहे, हे पटवायला वेळ लागला. पटल्यावर पोरं बाहेर आली, पण बॅगेकडे बघत लांबच राहिली.

वस्ती

वस्तीत बारा-तेरा घरं. निम्म्याहून जास्त घरांच्या दारात बोरीच्या फांद्या आडव्या लावलेल्या होत्या. कुलूप नाही, काटे. माणसं ऊसतोडीला गेलेली. म्हातारे आणि लहान पोरं मागे राहतात. आसरूच्या घरी त्याची चुलती होती. तिला सगळी वस्ती राधाकाकी म्हणते. उंच, वाळकी, पन्नाशीची बाई. तीन घरांची नऊ पोरं तिच्या जिवावर सोडलेली होती.

मी नाव सांगितलं. ती म्हणाली, “त्ये फळ्यावालं गुर्जी व्हय तुमी? या. बसा.”

मी बसलो. विचारलं की आसरूचे आई-वडील केव्हा भेटतील, कारण मला त्यांच्याशी बोलायचं आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की आपण काहीतरी चुकीचं बोललो हे लगेच कळलं.

“त्ये तुमच्याच गावाला हायती की. संगमनेरच्या कारखान्यावर. दसऱ्यापासनं. दर साली आसत्यात. तुमाला ठावं न्हाई?”

मला ठाऊक नव्हतं. चार वर्षं तो मुलगा माझ्या हाताखाली खेळला. त्याचं वजन, त्याची उंची, त्याच्या पायाची पकड मला पाठ होती. त्याचे आई-बाप माझ्या शाळेपासून चार-पाच मैलांवर पाचटाच्या झोपडीत राहून ऊस तोडतात आणि मी त्यांना भेटायला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आलो होतो. जामखेडचा चहावाला काय म्हणाला ते तेव्हा कळलं.

मग हा आईकडे न जाता इतक्या लांब का आला, असं मी विचारलं. काकी म्हणाली, बापाने टोळीत सगळ्यांना सांगितलंय, माझा पोरगा खेळात पैला येतो, मास्तर त्याला पुढं नेनार हायती. कोन्त्या तोंडानं जाईल त्यो तिकडं?

तेवढ्यात आसरू आला. खांद्यावर सरपणाची मोळी आणि डाव्या काखेत दोन वर्षांचं शेंबडं पोर. ते पोर म्हणजे त्याच्या चुलतभावाचा बाळू, आजारी होता म्हणून आईबापांनी मागे ठेवलेला. मला पाहून आसरू जागीच उभा राहिला. तीन आठवड्यांनी भेटल्यावर मी पहिलं वाक्य काय बोललो, तर, हे काय, व्यायाम सोडून पोरं सांभाळतोस? त्याने मोळी टाकली, पाठ फिरवली आणि बाळूला घेऊन गोठ्यामागे गेला. सहा वर्षांची एक मुलगी, ठकी, काकीने नुसतं बघितलं तशी त्याच्या मागोमाग निघाली.

जेवणाला ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि ठेचा. आमच्याकडे पाहुण्याचं ताट आधी वाढतात. इथे नऊ पोरांचं झालं, मग आसरूचं, मग माझं. काकी सरळ म्हणाली, तुमी मोठं हाय, भूक लागली तरी थांबताल. पोरं थांबत न्हाईत. मला ते आवडलं. संगमनेरला परतल्यावर घरी सांगितलं तर आमच्या सौ. म्हणाल्या, हे आम्ही वीस वर्षं सांगतोय.

जेवण झाल्यावर आसरू पोरांना झोपवायला गेला, तेव्हा काकीने मला खरी गोष्ट सांगितली. आवाज अगदी खाली आणून सांगितली.

आल्यापासून तो विहिरीवर जायचा. पाणी तळाला गेलंय, तरी एका कपारीत पुरुषभर आहे. त्यात बुडी मारून दम धरून बसायचा. लोकांना वाटलं, पोहतोय. एके दिवशी बाहेरच आला नाही. पाणी शेंदणाऱ्या बाईने आरडाओरडा केला, म्हाताऱ्यांनी दोर सोडला, तेव्हा आला वर, ओठ निळे झालेले. चार दिवसांनी पुन्हा तेच. विचारलं तर म्हणतो, सरांनी शिकवलंय, दम वाढतो.

ते खरं होतं. प्रवरेच्या डोहात मीच शिकवलं होतं. किनाऱ्यावर उभा राहून मोठ्याने आकडे मोजायचो आणि सगळ्यांत शेवटी वर येणाऱ्याला शाबासकी द्यायचो.

“मंग म्या बाळूला त्याच्या काखंत दिला,” काकी म्हणाली. “ह्ये पोर लई वाईट. खाली ठिवलं की गावभर बोंबलतंय. त्याला घिऊन पान्यात उतरता येतंय का? न्हाई येत. सकाळी उठला की म्या म्हनते, आसरू, बाळूला घे, मला भाकरी हायती. दिवसभर काखंतच. हागनं-मुतनं समदं त्योच बगतो. आन ठकीला सांगितलंय, त्याचं बोट सोडायचं न्हाई, पर त्याला कळू बी द्यायचं न्हाई.”

“आणि रात्री?”

“दारात आडवी मी निजते. माझ्यावरनं गेल्याबिगर भाईर जाता येत न्हाई.”

शिक्षक म्हणून माझ्याकडे दोन प्रमाणपत्रं आहेत, एक उन्हाळी शिबिराचं, एक पंचाच्या परीक्षेचं. मुलगा असा खचला तर पहिल्या दिवशी काय करायचं, हे त्या दोन्हींत कुठे नव्हतं. या बाईने अंगणातल्या एका रडक्या पोराकडून ते काम साधलं होतं. आणि मी आल्या आल्या त्या पोरावरूनच त्याला टोमणा मारला होता.

विहिरीवर

दुसऱ्या दिवशी सकाळी आसरू पाणी आणायला निघाला, मीही गेलो. बाळू त्याच्या काखेत, ठकी बोट धरून, मागे मी घागर घेऊन. ठकीने वाटेत मला विचारलं की शिट्टी कशासाठी. सांगितलं, खेळताना चूक झाली की वाजवायची. ती म्हणाली, आमाला चूक झाली की दिसती की. तिला शिट्टी देऊन टाकली. पुढे दिवसभर ती कोंबड्यांवर वाजवत होती.

विहिरीच्या काठावर आम्ही बसलो. मी घोकून ठेवलेलं भाषण होतं, खिलाडूवृत्तीचं. ते तोंडात आलं आणि मी ते गिळलं. म्हणालो, आसरू, फळ्यावर मी लिहिलं ते चूक होतं.

त्याने बाळूचं नाक पुसलं. मग विचारलं, “सर, तुमाला ऐकू आलं हुतं का?”

“काय?”

“माझा दम सुटलेला.”

या प्रश्नाचं उत्तर मी महिनाभर कोणालाच दिलं नव्हतं, स्वतःलासुद्धा. ती चढाई मी पाहिलीच नव्हती. त्या वेळी मी गुणलेखकाच्या टेबलाशी पाठ करून, आधीच्या एका गुणावरून वाद घालत होतो. गलका झाला म्हणून वळलो तेव्हा पंचाचा हात वर होता. बाकीचं मी लोकांकडून ऐकलं आणि चांगल्या अक्षरात लिहिलं.

मी त्याला ते सगळं सांगितलं. तो खाली पाण्याकडे बघत ऐकत होता.

“मंग कोनालाच ठावं न्हाई,” तो म्हणाला.

“पंचाला वाटलं ते त्याने दिलं. मला माहीत नाही. मी पाहिलं नाही.”

“मला बी कळत न्हाई सर. मला वाटतंय म्या म्हनत हुतो. मंग वाटतंय, न्हवतो. म्हनून पान्यात बगतो. तितकाच येळ धरायचा, रेषंपर्यंतचा. धरला की वाटतं, आजून थोडा. मंग आजून थोडा.”

मला विचारायची भीती वाटत होती, पण काकीने रात्री सगळं सरळ सांगितलं होतं, तेव्हा मीही सरळ विचारलं. वर यायचंच नाही, असं मनात येतं का?

तो विचार करून बोलला. “तसं न्हाई. पर वर यायची घाई बी न्हाई वाटत.”

पंधरा वर्षांचा मुलगा हे म्हणाला. बाळू त्याच्या कानाशी खेळत होता. मी म्हणालो, पाण्यात दम धरायचं मी शिकवलं, आता मीच सांगतो, ते बंद. पुन्हा तसं वाटलं तर ज्याचा हात जवळ असेल त्याचा धरायचा, माझा असला तर माझा. आणि कबड्डी खेळायची की नाही, हे तू ठरव. त्यावरून माझा राग-लोभ नाही.

“खेळायचं न्हाई सर.”

त्याने इतक्या लवकर सांगितलं की मला लागलं. इथेसुद्धा फेब्रुवारीची चाचणी माझ्या डोळ्यांपुढे आली, हे कबूल करतो. मी म्हणालो, बरं. तोंडातून नुसता तेवढाच शब्द काढायला मला फार कष्ट पडले.

शाळेचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, फळ्याचं जाऊ द्या, पोरं मागनं आवाज काढत्यात त्याचं काय? शिक्षा करीन म्हणालो असतो तर त्या मुलांनी आणखी लपून आवाज काढले असते. शेवटी म्हणालो की आत्ता तुला जे सांगितलं, मी चढाई पाहिलीच नव्हती, ते मी वर्गात सांगेन.

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “समद्यांफुडं?”

“सगळ्यांपुढे.”

“तुमाला हसतील सर.”

“हसू दे.”

तो हो म्हणाला नाही. काकीला इचारतो, म्हणाला, आणि घागर भरायला उठला. बाळूला माझ्या मांडीवर ठेवला. बाळूने लगेच भोकाड पसरलं, पण आसरूने मागे वळून पाहिलं नाही. दोराला धरून घागर सोडली, भरली, ओढली. मी पूर्ण वेळ त्याच्या हाताकडे बघत होतो.

परत

काकीने परवानगी दिली, पण तिच्या अटीवर. आधी आईकडे, मग शाळा. बोर्डिंगात एकटा झोपवायचा नाही, माझ्या घरी ठेवायचा. तुमच्या घरात ल्हान पोर हाय का, असंही तिने विचारलं. आमची मोठी झाली आहेत म्हटल्यावर तिला ती उणीव वाटली. निघताना तिने आम्हाला पायवाटेच्या टोकापर्यंत सोडलं आणि तिथपर्यंत बाळूला माझ्या काखेत दिला. म्हणाली, “घ्या जरा. तुमाला बी सवय आसावी.” त्याने माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर जे करायचं ते केलं. त्याच सदऱ्यात मी खर्डा, जामखेड, नगर असा प्रवास केला, आणि गाडीत माझ्या शेजारी आसरूशिवाय कोणी बसलं नाही.

महिनाअखेर दोन दिवसांवर होती. नगरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी संगमनेर गाठलं आणि शाळेकडे न वळता आम्ही कारखान्याच्या वाटेला लागलो. रस्त्याने मी हजार वेळा गेलो असेन. झोपड्या मी पाहिल्याही होत्या, पण तिथे माणसं राहतात याच्यापुढे मनात काही गेलं नव्हतं. पाचटाच्या दीड-दोनशे कोप्या, आत वाकून जावं लागतं. दिवस कलला होता. उसाच्या गाड्या भरून गेल्या होत्या आणि बायका चुली पेटवत होत्या. आसरूचा बाप बैलांना उसाचे वाढे टाकत होता. आम्हाला बघून त्याने हातातलं सगळं खाली टाकलं. मुलाकडे पाहिलंच नाही, धावत येऊन माझ्या पाया पडायला वाकला. मी धरला.

मुलगा शाळा सोडून गावाला गेल्याचं त्याला तेव्हा माझ्याकडून कळलं. तो भडकला. “मास्तर, हाना त्याला. माझ्याफुडं हाना. माझं काय म्हननं न्हाई.”

मी म्हणालो, चूक त्याची नाही, माझी आहे. फळ्याचं सांगितलं, मी पाठ फिरवून उभा होतो ते सांगितलं, विहिरीचं सांगितलं. तो माणूस फार अवघडला. मास्तर माणूस आपल्या दारात उभा राहून असं बोलतो हे त्याला सोसेना. तसं कसं, तसं कसं, तुमी भल्यासाठीच लिव्हलं आसंल, एवढंच तो म्हणत राहिला. मला माफ करायचीसुद्धा त्याची तयारी नव्हती, कारण मला दोष द्यायचीच त्याची तयारी नव्हती.

त्याची आई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. हाताला कोयत्याच्या चिरा, त्यांत राख भरलेली. माझं बोलणं संपलं तेव्हा तिने विचारलं, “त्याला झोप लागती का?”

प्रश्न मला होता. मी चार वर्षांचा त्याचा शिक्षक, तीन दिवसांचा त्याचा सोबती.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो, आणि आसरूकडे वळून विचारलं, “लागते का रे?”

“न्हाई,” तो म्हणाला. “लई दिस झालं.”

तिने चुलीवरचा तवा उतरवला. कोपीत जाऊन पाचट सारखं केलं, त्यावर गोधडी टाकली आणि त्याला हाताला धरून आत नेलं. बाहेर आल्यावर म्हणाली की शाळंत त्याला मंगळवारी मी सोता आनून घालते, तवर त्यो हितंच. महिनाअखेर सोमवारी होती. मी तिला ते सांगितलं नाही. हेडमास्तरांशी काय बोलायचं ते माझं काम होतं. मंगळवारी ती खरंच आली, कामावरचा एक दिवस बुडवून. वर्गात मी काय बोललो आणि कोण हसलं, ते इथे लिहीत नाही. आसरू आता शाळेत येतो. रात्री आमच्या घरी झोपतो. मैदानावर येत नाही आणि मी बोलावत नाही.

त्या संध्याकाळी मी निघायला उठलो तेव्हा आतून श्वासाचा आवाज येत होता, सावकाश, एकसारखा. बाप लगबगीने कोपीच्या तोंडाशी गेला. “थांबा मास्तर, उठवतो त्याला. पाया तरी पडू द्या तुमच्या.”

“नको,” मी म्हणालो. “झोपू दे त्याला.”